अहो नावाचे गृहस्थ

वेलांटीसरांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं. निवृत्तीनंतर शाळा सुटली, व्याकरण काही सुटलं नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने नवी पाटी लावली आणि तीत 'दाढि' असं ऱ्हस्व लिहिलं, तेव्हा सर स्वतः रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढले. न्हावी बिचारा शिडी धरून खाली उभा. "सर, सांभाळून उतरा," तो म्हणाला. सरांनी ते वाक्य मनात तपासलं, बरोबर निघालं, मगच खाली उतरले. त्या दिवसापासून ते वेलांटीसर झाले.

माणूस तसा साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते दुरुस्त करायचे. त्यामुळे गल्लीतली भलीभली बोलकी माणसं सर दिसले की मुकी व्हायची. दूधवाला नुसती बोटं दाखवून विचारायचा, एक की दोन. पोस्टमन पत्र हातात ठेवून मान हलवायचा आणि सायकलवर टांग मारायचा. सरांना वाटायचं, काय धाक आहे आपल्या विद्वत्तेचा!

त्यांच्यापुढे न घाबरता बोलणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे त्यांची बायको. काकू बोलायच्या, सर दुरुस्त करायचे, आणि त्या दुरुस्तीकडे ढुंकूनही न बघता काकू पुढे बोलत राहायच्या. चाळीस वर्षांचा संसार असा चालला होता. मग एके सकाळी काकू न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी सरांना बाजूला घेतलं. "रोज चालवा त्यांना. धरून चालवा, रागावून चालवा, पण रोज. एकदा का अंथरुणाला खिळल्या, की मग पुन्हा उठणं कठीण."

काकूंना उठवणं काही सरांना झेपण्यासारखं नव्हतं. लेक परगावी नोकरीला. तिने तिथून फोनवर फोन करून, घरी मदतनीस पाठवणाऱ्या एका संस्थेकडून माणूस मिळवला.

तो आला तेव्हा सगळं दार त्याने भरून गेलं. पंचेचाळिशीचा असेल. खांदे कपाटाएवढे, आणि मिशा अशा, की बसमध्ये त्यांचं वेगळं तिकीट काढावं. लांबच्या कुठल्याशा देशातला. आधी गोदामात पोती उचलायचा, मग रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं. गल्लीने त्याला बघताक्षणी पहिलवान करून टाकलं. पहिल्याच दिवशी त्याने काकूंना पलंगावरून अशा हलक्या हाताने उठवलं, की इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदाच त्या कळवळल्या नाहीत.

अडचण एकच, इथल्या भाषेचा त्याला गंध नव्हता. आणि संस्थेचा नियम पक्का होता. चार महिन्यांनी तोंडी परीक्षा. पास झाला तर नोकरी कायम, नापास झाला तर गाशा गुंडाळून परत. घरी त्याच्या दोन मुली त्याच्या पगारावर शिकत होत्या. हे त्याने दोन बोटं दाखवून आणि फोनमधले फोटो दाखवून सांगितलं.

सरांच्या अंगात एकदम तिशीतलं बळ आलं. "चार महिने? चार महिन्यांत मी दगडाला बोलता करीन!"

"बोलत्याचा दगड केलेला बघितलाय मी," काकू पलंगावरून म्हणाल्या. "हे नवीनच ऐकतेय."

सरांनी माळ्यावरून जुना फळा उतरवला, पुसला, दिवाणखान्यात लावला. रोज दुपारी चार ते पाच वर्ग. विद्यार्थी एक, पण हजेरी घ्यायचे. पहिलवान न्हाऊन, केस चापून, वही घेऊन बसायचा. त्याच्यासारखा आज्ञाधारक विद्यार्थी सरांना छत्तीस वर्षांत मिळाला नव्हता. तीन आठवड्यांत तो 'फूल' हा शब्द आठही विभक्त्यांत, एकवचनी आणि अनेकवचनी, घडाघडा चालवून दाखवू लागला. फूल, फुलाला, फुलाने, फुलाहून. सर खूष. मग पाच वाजता स्वयंपाकघरात जाऊन तोच पहिलवान, चमचा कुठे आहे हे विचारण्यासाठी हवेत वरण ढवळल्यासारखा हात फिरवत उभा राहायचा.

काकूंच्या खोलीत मात्र वेगळाच कारभार होता. तिथे फळा नव्हता, वही नव्हती. तिथे काकू होत्या आणि त्यांचं तोंड होतं.

"आता आपण उठायचं हं. घाई नको. उशी काढ. ती नव्हे रे, ही, पाठीमागची. हां. आता मी बसते. बसले. आता उठते. आई गं! काही नाही, उठले. उजवा पाय आधी. अरे, माझा उजवा, तुझा नव्हे!"

जे होत असेल ते त्या बोलायच्या, आणि जे बोलायच्या ते होत असायचं. एखाद्या तान्ह्या पोराशी बोलावं तसं, पण त्याला पोर न समजता. आणि त्यांनी त्याला 'म्हणून दाखव' असं एकदाही म्हटलं नाही. तो सहा आठवडे नुसता ऐकत होता. मग एके दिवशी डोळ्यांवर हात धरून आपणहून म्हणाला, "काकू, ऊन येतो."

"ऊन येतंय होय? मग ओढ की पडदा. अर्धाच ओढ."

"ऊन येतंय," पहिलवान पुटपुटला आणि त्याने पडदा अर्धा ओढला.

"ऊन नपुंसकलिंगी!" बाहेरच्या खोलीतून सर ओरडले. पहिलवानाच्या हातून पडदा सुटला.

तिसरा महिना लागला आणि पहिलवान बोलायला लागला. धबधब्यासारखा बोलायला लागला. फक्त हुबेहूब काकूंसारखा. सकाळी त्याच्या हातून कपबशी निसटली, तर तो भरघोस आवाजात म्हणाला, "अगबाई, गेली!" काकूंना औषध देताना म्हणायचा, "मी काय सांगते, आधी हे घ्या, मग बोला." मिशांना पीळ देत म्हणायचा, "मी आलेच हं बाजारात जाऊन." त्याच्या भाषेत खुर्ची, टेबल आणि सासू सगळ्यांना एकच क्रियापद. त्यामुळे 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत काही फरक असतो, हे त्या बापड्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याने जे ऐकलं ते उचललं.

बाजारात तर त्याने कहर केला. भाजीवालीपुढे पालेभाजीची जुडी उलटी धरून तो कडाडला, "ही कसली हो जुडी? कालही मला असलीच दिलीत. मी काय आज आलेय बाजारात?" भाजीवालीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग शेजारणीकडे. "बाई गं," ती म्हणाली, "काकू मिशा लावून आल्या की काय!"

सरांपर्यंत हे पोचलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण खरा घाव अजून बसायचा होता. दुपारी ते पेपर वाचत बसले होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, ऐकलंत का? चहा ठेवलाय केव्हाचा. गार होतोय."

सरांनी सवयीने "आलो" म्हटलं आणि मग दचकून मागे बघितलं. दारात पहिलवान उभा.

"मला 'सर' म्हणायचं," सर म्हणाले.

पहिलवान गोंधळला. आत जाऊन त्याने आपली वही आणली. शेवटच्या पानावर त्याने स्वतःसाठी शब्द लिहून ठेवले होते, समोर त्याच्या भाषेत अर्थ. चमचा. पडदा. गोळी. आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून त्याने खुणेने समजावलं, की हे यांचं नाव आहे. तिथे लिहिलं होतं, 'अहो'. वर्गात सर आणि घरात अहो, अशी त्याने चोख विभागणी केली होती.

त्याच आठवड्यात कुरिअरवाला सरांचं पूर्ण नाव वाचत दाराशी आला होता. पहिलवानाने त्याला परत पाठवलं. "या नावाचं इथे कुणी नाही राहत," त्याने सांगितलं. "इथे अहो राहतात." काकू हे ऐकून इतक्या हसल्या, की त्यांना पोट धरून बसावं लागलं.

सरांना हसू आलं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या बाईंचा फोन आला. त्या पहिलवानाशी दोन मिनिटं बोलल्या आणि मग सरांना म्हणाल्या, "बोलतात छान. पण ते स्वतःला बाई समजून बोलतायत. हे असं परीक्षेत चालायचं नाही. दोघांतले एक परीक्षक फार कडक आहेत." त्यांनी परीक्षकाचं आडनाव सांगितलं. सरांना ते आठवलं. त्यांचाच विद्यार्थी, पहिल्या बाकावरचा. सरांनी घडवलेला. आधी छाती फुगली, आणि मग त्याला आपणच काय शिकवलं ते आठवून ती बसली.

परीक्षेला वीस दिवस उरले होते. सर काकूंच्या खोलीत गेले आणि त्यांनी निकाल सुनावला. "आजपासून तू त्याच्याशी बोलायचं नाहीस. तुझी भाषा त्याच्या कानावर पडता कामा नये. काय हवं ते मला सांग, मी त्याला शुद्ध पुल्लिंगात सांगीन."

"आणि मला उठवताना?"

"खुणेने."

काकूंना इतका राग आला, की त्यांनी ते चक्क ऐकलं. तोंड जे मिटलं ते मिटलंच.

घर एकदम शांत झालं. पहिलवानाला वाटलं, आपल्या हातून काहीतरी मोठं चुकलं. 'मी' म्हटलं की तो थांबायचा, छताकडे बघायचा, मग सरांकडे बघायचा. सर भुवया वर करून वाट बघायचे. "मी... उठ..." एवढं बोलून तो कपाळावरचा घाम पुसायचा. चौथ्या दिवशी त्याने बोलणं सोडलं आणि पुन्हा हवेत चमचा फिरवायला लागला. काकू पूर्वी गप्पा मारत पलंगापासून खिडकीपर्यंत चार चकरा मारायच्या, आता दारापर्यंत एक मारून बसायच्या. पाचव्या दिवशी त्या उठल्याच नाहीत. पहिलवानाने हात पुढे केला, त्यांनी मान वळवली. सरांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

त्या दुपारी सर मागच्या दारी गेले. पायरीवर पहिलवान त्यांच्याकडे पाठ करून बसला होता आणि फोनवर मुलींशी त्याच्या भाषेत बोलत होता. बोलत कसला, उधळला होता! हात हलवत होता, आवाज बदलत होता. मध्येच त्याने एक बोट ताठ वर केलं, मान तिरकी केली, आणि फोनमधून दोन मुलींचं हसू फुटलं. ते फळ्यापुढचं बोट कुणाचं, हे सरांना भाषा न येताही कळलं.

सर तसेच मागे फिरले. एवढा बोलका, एवढा नकलाकार माणूस आपण चार दिवसांत मुका करून ठेवला, याची त्यांना लाज वाटली. चांगलीच वाटली. छत्तीस वर्षांत पहिल्या बाकांवर किती जणांना असं केलं असेल, हेही मनात आलं. त्यांनी ते झटकलं, पण ते पुरतं गेलं नाही.

"बोल त्याच्याशी," ते काकूंना म्हणाले. "हवं तेवढं बोल."

"आणि ते येते-जाते?"

"त्याचं काय करायचं ते मला समजत नाही," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं असावं.

"त्यात काय समजायचंय? मी करते म्हणते, आणि करते. ते तो ऐकतो. तुम्ही या घरात 'मी करतो' असं कधी म्हणालात? तुम्ही म्हणणार नाही, तर त्याने काय फळ्याकडून ऐकायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वयंपाकघरात गेले, बाह्या वर केल्या आणि फळ्यापुढे म्हणावं तसं म्हणाले, "मी भांडी घासतो." पहिलवान घाबरून नळ बंद करायला विसरला. पण सर खरंच घासायला लागले. "मी कढई घासतो. मी ती आपटतो. मी भिजलो. मी पूर्ण भिजलो!" पहिलवान आधी कसनुसा हसला, मग त्याने फडकं घेतलं. "तुम्ही घासता," तो म्हणाला, "मी पुसते."

सरांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काकूंनी अट घातली होती, की दुरुस्तीची उबळ आली तर एक पेला पाणी प्यायचं. त्या दिवशी सर अकरा पेले पाणी प्यायले.

विसातले पंधरा दिवस उरले होते, ते असे गेले. सरांनी झाडलं, बाजारात ओझी उचलली, खिडक्या पुसल्या, आणि हे करताना बोलले. करतोय त्याबद्दल किती बोलणार, मग इकडचं तिकडचं बोलायला लागले. शाळेत तपासणीला साहेब आले की आपले पाय कसे लटपटायचे ते सांगितलं. लहानपणी आपल्याला गणितात शून्य मिळालं ते सांगितलं, आणि हे तर काकूंनाही नवीन होतं. पहिलवान पोती उचलण्याचे किस्से सांगायचा. बोलता बोलता कधी 'करतो' म्हणायचा, कधी 'करते'. निवांत असला की पुल्लिंगी असायचा. आनंद झाला किंवा घाबरला, की काकूंवर जायचा. खोलीतून काकू दोघांना टोमणे मारत खिडकीपर्यंत सहा चकरा मारायला लागल्या.

परीक्षेच्या दिवशी सर बरोबर गेले. त्यांना बाहेर बाकावर बसवलं. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. नाव, गाव, काम, सगळं सुरळीत झालं. मग परीक्षक बाईंनी विचारलं, "रुग्ण उठायला तयार नसला, तर तुम्ही काय करता?"

"काकू उठत नाहीत, तेव्हा मी त्यांना म्हणते..."

"म्हणतो," कडक परीक्षक म्हणाले.

"म्हणतो. काकू, उठू नका. मी इथेच बसते."

"बसतो."

"बसतो. मग मी..."

आणि पहिलवान थांबला. ती शांतता सरांच्या ओळखीची होती. आता तो छताकडे बघत असणार. आता घाम पुसत असणार. दोन मुली, चार महिने, काकूंच्या चकरा, सगळं त्या एका क्रियापदापाशी अडकलं होतं. सरांना काही सुचेना. ते उठले आणि दाराच्या फटीतून मोठ्याने ओरडले, "अरे, वाक्य तरी पुरं होऊ दे त्याचं!"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पन्नाशीचे ते कडक परीक्षक ताडकन उभे राहिले होते. "हो सर!" असं ते म्हणूनही गेले.

"कोण आहे बाहेर?" बाईंनी विचारलं.

"माझे सर," पहिलवान म्हणाला. "काकूंचे नवरे."

"अस्सं. मग त्या घराबद्दलच सांगा."

पहिलवानाने श्वास घेतला. "त्या घरात मी दोन माणसं चालवते. काकूंचा पाय चालवते आणि सरांची जीभ."

कडक परीक्षकांनी तोंड उघडलं, दाराकडे बघितलं आणि मिटलं.

"सर तर शिक्षक ना?" बाई म्हणाल्या. "ते बोलत नव्हते?"

"नाही. सुधारत होते." पहिलवान थोडा थांबला, पण अडला नाही. "आता चांगले बोलतात. काकूंना पण आवडतं. त्या ऐकायला म्हणून दिवाणखान्यापर्यंत चालत येतात. सर अजून पाणी खूप पितात, पण बोलतात."

बाई हसल्या. कागदावर काहीतरी लिहिताना म्हणाल्या, "रुग्णाशी बोलता येतं का, एवढंच आम्हाला बघायचंय. येतं." लिंगाचा एक गुण कापला, बाकी सगळे दिले. पहिलवान पास झाला. बाहेर आल्यावर त्याने सरांना असं कवटाळलं, की त्यांचा चष्मा वाकडा झाला.

घरी काकू खुर्चीत बसून वाटच बघत होत्या. पहिलवान बातमी सांगून मुलींना फोन करायला मागच्या दारी पळाला. सरांनी मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. जिभेचं वाक्यही गाळलं नाही. आणि सांगून झाल्यावर विचारलं, "मी खरंच नुसता सुधारतच होतो का गं?"

"लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी गेले होते," काकू म्हणाल्या. "तिथून तुम्हाला पत्र लिहिलं. तुम्ही ते लाल शाईने दुरुस्त करून मला परत पाठवलंत. खाली दहापैकी सात गुण."

"दोन वेलांट्या चुकल्या होत्या," सर चटकन म्हणाले. "आणि एक अनुस्वार."

"बरोबर. आणि पत्रात काय होतं?"

सरांनी आठवायचा प्रयत्न केला. वेलांट्या कुठल्या शब्दांतल्या होत्या ते दिसत होतं, अनुस्वार कुठे राहिला होता ते दिसत होतं. बाकी कागद कोरा होता. त्यांचे डोळे भरून आले.

"काय होतं गं?" त्यांनी विचारलं.

"परत कधी लिहिलं नाही मी," काकू म्हणाल्या. "पण पाठ आहे. खुर्ची घ्या इकडे जवळ. आणि मध्ये बोलू नका."

सरांनी खुर्ची ओढली आणि त्या सांगू लागल्या.